दिवाणाखालचा लोंढा

पत्र थोडक्यात असं : "मी निवृत्त शिक्षिका, वय 61. बेळगावात टिळकवाडीत मुलगा-सुनेकडे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते. माझे वडील मीटरगेजच्या काळात लोंढा जंक्शनला सांधेवाले (गाडीसाठी रूळ बदलून देणारे) होते. भाच्यानं जपानहून नातवासाठी छोट्या रेल्वेचा सेट पाठवलाय : 9 मिलिमीटरचा रूळ, एक इंजिन, तीन प्रवासी डबे. गेल्या वर्षी मी सहा बाय चार फुटी प्लायवर लोंढा यार्ड करायला घेतलं. ते दाराआड उभं ठेवलं होतं. पावसाळ्यात प्लाय वाकला, प्लास्टरचा डोंगर तडकून रुळांवर सांडला, आणि दार पूर्ण उघडेना म्हणून सुनेनं (बरोबरच) तोंड वाकडं केलं. आता दिवाणाखाली सहा इंचांची जागा मिळालीय. चार घड्या पडतील असं काही करता येईल का? बिजागऱ्या कुठल्या वापरू? आणि स्टेशनच्या पाटीवर काय लिहू?"

ताई,

मी उद्यमबागेत पस्तीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाच्या साच्यांचे नमुने) केले. त्यामुळं तुमचं पत्र वाचताना 'चार घड्या' या शब्दांपाशी माझं बोट थांबलं. घड्या घालू नका. एकही नको. बिजागरीला खेळ असतो. नवी असताना थोडा, दोन महिन्यांनी जास्त. कपाटाच्या दाराला अर्धा मिलिमीटर खेळ असला तर कुणाला कळत नाही, पण नऊ मिलिमीटरच्या रुळाला तेवढा खेळ मिळाला की पहिलंच चाक खाली उतरतं. शिवाय घडी घालताना रूळ समोरासमोर येतात. मध्ये झाडा-घरांना जागा हवी, म्हणून बिजागरी उंच ठोकळ्यावर चढवावी लागते. ते ठोकळे यार्डाच्या मधोमध दोन खांबांसारखे उभे राहतात. ते लपवायला पूल करा, मग पुलाखाली नदी करा… असं ते वाढत जातं. गेल्या वर्षी तुमचा डोंगर असाच वाढला असणार.

म्हणून उलट्या बाजूनं सुरुवात करा. आधी जागा, मग रेल्वे. दिवाणाखाली पट्टी घालून माप घ्या, पण रिकाम्या दिवाणाचं नाही. मुलाला मध्यभागी बसवा आणि मग मोजा. फळ्या खाली वाकतात, सहा इंचाचे साडेपाच होतात. समजा 15 सेंटिमीटर आहेत आणि 1 सेंटिमीटर वाकण्यात गेला, तर उरले 14. खालची चौकट वरच्या प्लायसकट 4 सेंटिमीटर, झाकण आणि घसरायला लावायची फेल्टची पट्टी मिळून 1. म्हणजे फळीच्या वर तुमच्या हातात 9 सेंटिमीटर राहिले. जपानी सेटचं प्रमाण 1:150 असतं. म्हणजे या 9 सेंटिमीटरांत साडेतेरा मीटर उंचीचं जग मावतं. पत्रात तुम्ही ज्या चिंचेबद्दल लिहिलंय, मालधक्क्यामागची, ती बारा मीटरची धरली तर 8 सेंटिमीटर होते. बसली की! डोंगर मात्र बसत नाही. तो मागच्या पुठ्ठ्यावर रंगवा.

आता लोंढ्याचं. सगळं यार्ड करायचं मनातून काढून टाका. तिथं मिरजेची, हुबळीची आणि कॅसलरॉकवरून गोव्याला उतरणारी अशा तीन दिशा एकत्र येतात. 1:150 नं एक किलोमीटर यार्ड म्हणजे साडेसहा मीटरांहून जास्त. तुमच्या फ्लॅटच्या दारातून बाहेर पडून जिन्यापर्यंत जाईल. त्यापेक्षा वडिलांनी दिवसभर जे काम केलं ते करा. सांधे ओढणं, वाघिण्या (मालाचे डबे) पुढं-मागं करणं. शंटिंग. त्याला लागतो मालधक्का, दोन सांधे आणि तीन छोट्या लाइनी.

हे काही माझं डोकं नाही. इंग्लंडमधल्या अ‍ॅलन राइट यांनी 'इंगलनुक सायडिंग्ज' नावाची एक रचना करून ठेवलीय आणि जगभर घरात जागा नसलेली माणसं तीच बांधतात. एक लाइन पाच वाघिण्यांची, दोन लाइनी तीन-तीन वाघिण्यांच्या. तिन्ही लाइनी एका तोंडाशी येतात आणि त्या तोंडापुढं इंजिन अधिक तीन वाघिण्या मावतील एवढीच लाइन. वाघिण्या आठ. आठांच्या आठ चिठ्ठ्या करायच्या, नातवानं त्यातल्या पाच काढायच्या, आणि ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं पाच वाघिण्या लांब लाइनीवर लावायच्या. सोपं वाटतं ना? आठातून पाच क्रमानं म्हणजे 8 × 7 × 6 × 5 × 4, एकूण 6,720 गाड्या. तुम्ही शाळेत गणित शिकवत असाल तर हे नातवाकडून काढून घ्या. सुरुवातीला आठ वाघिण्या विकत घ्यायला नकोत. पाच घ्या, तिनाची गाडी लावा, लाइनी तीन-दोन-दोन समजा. त्याच्या साठ मांडण्या होतात, दिवाळीपर्यंत पुरतील. फळी मात्र आठांच्या मापानं करा, नाहीतर पुढच्या वर्षी मला परत पत्र लिहाल.

प्रवासी डबे यात चालणार नाहीत, फार लांब आहेत. ते आणि सेटमधला गोल रूळ रविवारी फरशीवर मांडा. वळणाची त्रिज्या 315 मिलिमीटर, म्हणजे गोल आडवा 66 सेंटिमीटर होतो. फरशीला जड नाही. फक्त सतरंजीवर मांडू नका. सतरंजीचे धागे आणि केस आसावर गुंडाळले जातात, आणि मग चिमट्यानं काढत बसावं लागतं. नातवाला गाडी गरगर फिरताना बघायला आवडेलच, त्याला ते बघू दे. दहा मिनिटांनी तो तुमच्याकडं चिठ्ठ्या काढायला येतो की नाही बघा.

फळीचं माप. छोटी दोन आसांची वाघीण हुकापासून हुकापर्यंत साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास येते (तुम्ही घ्याल ती मोजा, यात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडला की सगळं गणित सरकतं). पाचांची लाइन साडेसत्तावीस. 126 मिलिमीटरचे दोन सांधे, ते पंचवीस. सांध्यापुढं दोन लाइनी एकमेकींपासून पुरेशा लांब जाईपर्यंत आठ. शेवटी गाडी अडवणारी ठोकर आणि थोडा श्वास. झाले 66 सेंटिमीटर. रुंदी 20 पुरे. तोंडापुढची इंजिनाची लाइन आणखी 30 सेंटिमीटर, तिच्यासाठी 8 सेंटिमीटर रुंदीची वेगळी आखूड फळी. तिला आपण शेपूट म्हणू. खेळताना शेपूट जोडायचं, ठेवताना सोडवून जुन्या साडीच्या पिशवीत घालून मोठ्या फळीच्या पेटीशेजारी सरकवायचं. म्हणजे सगळ्या रेल्वेत जोड एकच, आणि त्या जोडावरून जाणारा रूळही एकच, सरळ. पाहिजे तर माळ्यावर टाका, पाहिजे तर काखेत मारून खानापूरला बहिणीकडं न्या.

हा एक जोड मात्र जपून करा, कारण सगळी मेख इथंच आहे.

आमच्याकडं दोन तुकड्यांचा पॅटर्न असतो. वरचा अर्धा, खालचा अर्धा. दोन्ही जर केसभर सरकले तर ओतीव मालाला मधोमध पायरी पडते आणि माल भंगारात जातो. म्हणून दोन अर्ध्यांमध्ये डॉवेल असतात : एका बाजूला पितळी खुंटी, दुसऱ्या बाजूला तिची पितळी वाटी. तुम्हाला तेच करायचंय. मोठ्या फळीच्या टोकाची उभी पट्टी आणि शेपटाच्या टोकाची उभी पट्टी, दोन्ही एकावर एक ठेवून क्लॅम्पनं आवळा आणि दोन्हींतून एकाच वेळी आरपार भोकं पाडा. वेगवेगळी पाडलीत तर जुळणार नाहीत, कितीही मोजून पाडा. आणि दोन्ही डॉवेल मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवू नका. एक कडेपासून 2 सेंटिमीटर, दुसरा दीड. म्हणजे शेपूट उलटं बसूच शकत नाही. घाईत पोरं उलटं बसवतात, मग हातोडी शोधतात. मध्ये एक 6 मिलिमीटरचा बोल्ट आणि विंग नट. जुळवण्याचं काम डॉवेलचं, आवळण्याचं बोल्टचं. बोल्टकडून जुळवणी करून घेऊ नका, त्याचं भोक नेहमी ढिलं असतं.

आता रूळ. तुमच्या सेटच्या रुळाखाली प्लॅस्टिकचा जाड बेड आहे. जोडावर तो कामाचा नाही. तिथं तेवढ्यापुरता साधा, बेड नसलेला रूळ घ्या आणि बेडच्या जाडीइतकी पट्टी खाली चिकटवून उंची सारखी करा. जोडाच्या अलीकडं-पलीकडं, रुळाच्या बरोबर खाली, दोन-दोन पितळी स्क्रू पिळा. त्यांची डोकी रुळाच्या तळाला लागतील एवढी वर ठेवा. दोन्ही फळ्या आवळलेल्या असताना अखंड रूळ जोडावरून आडवा टाका, चारही स्क्रूंना सोल्डरचा डाग द्या. गार होऊ दे. मग, आणि मगच, जोडाच्या रेषेवर सोनाराच्या बारीक करवतीनं रूळ कापा. आधी कापून नंतर जुळवायला जाल तर चष्मा, संयम आणि संध्याकाळ तिन्ही जातील. डाग देताना दोन रुळांच्या स्क्रूंमध्ये सोल्डर वाहून एकत्र झालं नाही ना ते बघा. झालं तर शॉर्ट. गाडी 12 व्होल्ट डीसीवर चालते, शॉक लागत नाही, पण कंट्रोलर रुसतो. फळ्या वेगळ्या झाल्या की शेपटाकडची वीजही तुटते, म्हणून एक दोन वायरींची पिन ठेवा. एकच. घरातल्या कुणालाही न विचारता मांडता आलं पाहिजे. मांडायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागली तर ती पेटी दिवाणाखालीच राहते, हे मी माझ्या स्वतःच्या पेटीवरून सांगतोय.

प्लाय का वाकला, ते सांगतो. तो साधा कमर्शियल असणार, आयएस 303 चा, आणि तुम्ही फक्त वरची बाजू रंगवली असणार. वरून रंग आणि खालून उघडं असलं की खालची बाजू पावसाळी हवा पिते, फुगते, वरची फुगत नाही. फळी वाटीसारखी होते. त्यात उभी ठेवलेली, म्हणजे स्वतःच्या वजनानंही वाकणार. आपल्या बेळगावच्या पावसात जून ते सप्टेंबर साधं मीठ सुटं राहत नाही, लोंढा-खानापूरकडं तर बोलायलाच नको. आयएस 710 शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या, 6 मिलिमीटरचा. 66 बाय 20 चा तुकडा कुठल्याही प्लायवाल्याकडं कापून उरलेल्यात मिळेल. खाली प्लायसकट 4 सेंटिमीटर भरेल अशी चौकट, मध्ये एक आडवी. आणि दोन्ही बाजू, चारी कडा, भोकांच्या आतपर्यंत, सगळीकडं तेवढेच हात. आमच्या दुकानात पॅटर्न मुरलेल्या सागवानाचा असला तरी त्याला आत-बाहेर सारखाच रंग जायचा. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. त्या नवीन चपलांच्या खोक्यातून मिळतात, फेकू नका.

प्लास्टर परत नको. जड होतं, हलवलं की तडकतं. जमीन लोंढ्याची आहे, म्हणजे लाल. बहिणीच्या परड्यातली जांभ्याची माती आणा, उन्हात कडक वाळवा, सुती कापडातून चाळा. रुळांमधल्या खडीसाठी बारीक चाळलेली नदीची वाळू चालेल. रवा अगदी मापाचा दिसतो आणि कुणीतरी तुम्हाला तो सुचवेलच. घेऊ नका, मुंग्या लागतात. वाळू किंवा माती पसरायच्या आधी कागदावर ओतून तिच्यातून लोहचुंबक फिरवा.

हे चुंबकाचं मी शिकलो ते असं. माझ्या पहिल्या फळीला मी फाउंड्रीतली जळकी वाळू आणली. काळपट, एकसारखी, फुकट. दिसायला इतकी सुंदर खडी मी नंतर कधी केली नाही. दोन दिवस इंजिन छान चाललं, तिसऱ्या दिवशी कुरकुरायला लागलं, चौथ्या दिवशी बंद. उघडलं तर मोटरीच्या चुंबकाभोवती बारीक लोखंडाची दाढी उगवलेली. ओतकामाचा चुरा होता तो, वाळूत मिसळलेला. बायकोच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं एकेक कण काढला, तरी ते इंजिन पुन्हा पहिल्यासारखं पळलं नाही. तेव्हापासून माझ्या खिशात चुंबक असतं. नदीच्या वाळूतही काळे कण निघतात, तुम्ही बघाच.

खडी चिकटवायला फेविकॉल एक भाग, पाणी तीन भाग, आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर पाणी वाळूवर मण्यासारखं उभं राहतं, आत शिरत नाही. औषधाच्या ड्रॉपरनं सोडा. सांध्यांच्या हलणाऱ्या जिभेजवळ मात्र एक थेंबही नको. तिथं वाळू कोरडीसुद्धा पसरू नका, तेवढा भाग मातकट रंगवा.

चिंच. जुन्या वायरीतली तांब्याची तार पिळून खोड-फांद्या करा, वर फेविकॉल, त्यावर हिरवा भुसा. गणपतीच्या आरासाला आपण जसा भुसा रंगवतो तसाच, फक्त मैद्याच्या चाळणीतून काढलेला. स्पंज वाटून पानं फार छान होतात, पण त्यासाठी सुनेच्या मिक्सरला हात लावू नका. चहाचा चोथा वाळवून झाडाखाली पालापाचोळा होतो म्हणतात. होतो, आणि आपल्या पावसात त्याला बुरशीही येते.

कौलांची शेड पुठ्ठ्याची. पूर्ण करू नका, पुढची भिंत आणि दीड सेंटिमीटर खोली, बाकी मागच्या चित्राला टेकलेली. माणूस या मापात 11 मिलिमीटरचा होतो, दार 14 चं. मालधक्क्यावर ठेवायला मोहरीचे दाणे घ्या. एक दाणा म्हणजे साधारण पाव मीटर जाडीचं काहीतरी, कलिंगड म्हणा. नातू म्हणाला भोपळे, तर भोपळे.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो. शौकीन लोक नाक मुरडतात की हा परदेशी रूळ, आपल्या गाडीचं माप कुठं जुळतं. ब्रॉडगेजचं जुळत नाहीच. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचं, 1:150 नं 11 च्या वर जातं. पण जपानची जुनी रेल्वे 1067 मिलिमीटरची आहे, आणि आपलं मीटरगेज 1000 चं. फक्त 67 चा फरक. म्हणून जपानी वाघिण्यांची ठेवण, तो अरुंद लहानखुरा बांधा, आपल्या जुन्या मीटरगेजशी बराच मिळतो. मिरज-लोंढा लाइन नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली, तुमच्या नातवानं मीटरगेज बघितलेलंच नाही. त्याला टिळकवाडीचं पहिलं गेट, दुसरं गेट माहीत, तिथून धडधडत जाणारी मोठी गाडी माहीत. वाघिण्या तपकिरी रंगवा, त्यावरची जपानी अक्षरं झाकली जातील. बाकी कुणी काही विचारलं तर सांगा, माझ्या वडिलांच्या डोळ्यांनी बघा.

वाघिण्या सोडवायला उदबत्तीची काडी. टोक ब्लेडनं चपटं करायचं, दोन हुकांच्या मध्ये घालून हळूच फिरवायचं. इंजिनाच्या अंगाला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच करा. तुमच्या वडिलांनीही हातानं वाघीण उचलून दुसऱ्या लाइनीवर ठेवली नसेल.

पेटी काढल्यावर आधी रूळ पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल औषधाच्या दुकानात मिळतं. सुती कापडावर घ्या. सॅंडपेपर कधीच नाही. त्यानं रुळावर बारीक ओरखडे पडतात आणि पुढची घाण त्यातच बसते. गाड्या फळीवर ठेवून पेटी सरकवू नका. एका घट्ट डब्यात फोम कापून त्यात ठेवा. कुंद्याचा रिकामा डबा मापाला बरोबर बसतो, मी वापरलाय, पण तुपाचा वास जात नाही आणि मुंग्यांना तो कळतो.

पाटीचं विचारलंत. आपल्याकडं पाटी कुठल्या भाषेत असावी हा विषय निघाला की चहा गार होतो, म्हणून थोडक्यात. 30 सेंटिमीटरचं अक्षर तुमच्या मापात 2 मिलिमीटर होतं. हातानं लिहू नका. प्रिंटरवाल्याकडून स्टिकर काढून घ्या, पिवळ्यावर काळं. काय लिहायचं ते तुमची आठवण सांगेल. माझं विचाराल तर 'लोंढा' लिहा, ढ नीट दिसेल असा.

आणि ताई, सगळं करण्याआधी एक काम. दिवाणाखाली आत्ता ज्या सुटकेसा आहेत त्या कुठं जाणार, ते सूनबाईंशी बोलून घ्या.